धारावी बेटावर कॅमेरा घेऊन

काशीमीऱ्याला उतरलात तर भाईंदरमार्गे उत्तन गाठा. मुंबईतली धारावी वेगळी. हे धारावी बेट. सकाळीच जा, तिसऱ्या प्रहरी समुद्रावरचे ऊन डोळ्यांत येते. वाळूत काठ्यांवर बोंबील वाळत असतात. फोटोआधी कोळीणबाईंना विचारा. मी न विचारता कॅमेरा रोखला आणि बोलणी खाल्ली. रास्तच होती म्हणा!

मग चौकच्या टेकाडावर चढा. किल्ल्याचे पडके अवशेषच उरलेत, पण हिरमुसू नका. उत्तरेला खाडीपलीकडे वसई. १७३९ मध्ये मराठ्यांनी आधी हे ठाणे घेऊन खाडीच्या तोंडावर पहारा बसवला; मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईचा किल्ला पडला. नुसत्या दगडांचा फोटो घरी कुणाला कळणार? मागे खाडी आणि वसई येऊ द्या.