हबशी

शब्दांचे नशीबही माणसांसारखेच असते. काही चढतात, काही उतरतात. 'हबशी' हा आपल्या मराठीतला असाच एक उतरलेला शब्द. मुळात त्याचा अर्थ अबिसीनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, माणूस. आता त्यात देश उरलेला नाही. उरला आहे तो नुसता काळा रंग, आणि वर थोडे हसू.

आमच्या पुण्यात शिकायला आलेल्या एका इथिओपियन मुलाने मला या शब्दाचा अर्थ विचारला. रस्त्यात पोरे तशी हाक मारीत होती म्हणे. मी अर्थ सांगितला, तसा तो चकितच झाला. त्याच्या देशात कितीतरी लोक स्वतःला 'हबेशा' म्हणवतात, आणि तेही अभिमानाने!

मुलगा अदबीचा, अभ्यासू. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती मिळवून आलेला. सरकारने बोलावले, विद्यापीठाने प्रवेश दिला; खोली मात्र कोणी देईना. फोनवर रिकामी असलेली खोली तो दारात उभा राहताच 'कालच गेलेली' असे. एकदा मी बरोबर गेलो. मालकीणबाई म्हणाल्या, "सर, आमचं काही नाही हो, पण शेजारी काय म्हणतील?" शेजारी माझ्या ओळखीचे. त्यांना विचारले, तर ते म्हणाले, "आमचं काही नाही हो, पण बाईंना चालायचं नाही!" म्हणजे हरकत कोणाचीच नव्हती, आणि खोलीही मिळाली नाही.

वास्तविक या मातीला हबशी परका नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्याच्याच नहरीने पाणी पाजले. त्याने आपल्याला पाणी दिले. त्याच्या देशच्या पोराला आपल्याला एक खोली देववत नाही.

२०१७ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण केली, तेव्हा आपण हळहळलो. पण हात उगारणारे थोडेच. "आमचं काही नाही" म्हणणारे घरोघर असतात, आणि परमुलखात आलेल्या पोराची रोज गाठ पडते ती त्यांच्याशी.

दिवाळीत अशा मुलाला प्रेमाने फराळाला बोलावणारी घरे आहेत. पण चकली खाऊन तो परत जाणार कुठे? आपल्याकडे एखादी खोली रिकामी असेल, तर यंदा फोनवर आणि दारात एकच उत्तर द्यावे.