शहापूर–मुरबाडचे घाट आणि गॅसवरची गाडी

कल्याण सोडून सह्याद्रीकडे निघालेल्या प्रवाशापुढे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून दोन वाटा जातात. एक वाट वासिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी करीत कसारा घाटाने इगतपुरीस चढते. दुसरी मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकून माळशेज घाटाने जुन्नरच्या पठारावर पोहोचते. पहिल्या वाटेवर माहुलीचे सुळके सोबत करतात, तर दुसऱ्या वाटेवर नानाचा अंगठा दुरूनच लक्ष वेधून घेतो.

व्यापारी कुटुंबांना हा चढ नवा नाही. नानाच्या अंगठ्याशेजारून जाणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून कोकणातील बंदरे आणि जुन्नर यांना जोडीत आला आहे. घाटमाथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण उभा आहे. जकात त्यात टाकली जात असे, असे परंपरेने सांगितले जाते. ओझ्याच्या जनावरांचे तांडे या वाटेने चढत, तेव्हा जनावराच्या पाठीवर किती माल लादायचा, हे घाटाकडे पाहूनच ठरत असे. पुढे आगगाडी आली. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांमागे एक फूट असा तीव्र आहे, म्हणून कसाऱ्यास गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून ती वर ढकलली जाते. बैल असो वा आगगाडी, घाटापुढे ताकद आणि ओझे यांचा मेळ आधी घालावा लागला, तो असा.

आज याच घाटांतून स्वतःच्या मोटारीने जाणारी कुटुंबे असंख्य आहेत. कोणी नाशिकच्या पेढीवर जातो, कोणी गजपंथाच्या यात्रेस, तर कोणी जुन्नर-आळेफाट्याकडे लग्नकार्यास. यांतील पुष्कळ गाड्या मूळच्या पेट्रोलच्या असून त्यांना मागाहून सीएनजीचे किट बसविलेले असते. रोजच्या बाजारपेठेच्या फेऱ्यांत ही गाडी पैसा वाचविते आणि तिच्याविषयी तक्रार राहत नाही. परंतु पाच माणसे, सामानाच्या पिशव्या आणि मागे गॅसची जड टाकी घेऊन तीच गाडी माळशेजच्या वळणावर येते, तेव्हा ती दम टाकू लागते. समोरच्या मालट्रकला ओलांडण्याच्या ऐन क्षणी गाडीने वेग धरला नाही, तर प्रश्न पैशाचा न उरता जिवाचा होतो.

याचे कारण हवेत आहे. इंजिनाची शक्ती केवळ इंधनावर अवलंबून नसते. सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावरही ती ठरते. समुद्रसपाटीपासून वर जाताना पहिल्या हजारेक मीटरांत दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते. इगतपुरीची उंची सुमारे ६०० मीटर, माळशेजची सुमारे ७००. म्हणजे तेथे हवेची तूट सहा-सात टक्क्यांची. महाबळेश्वरास ती आठव्या हिश्श्याच्या जवळ जाते आणि लेहला तीस टक्क्यांच्या आसपास. गॅस स्वतःच वायुरूप असल्याने तो हवेची जागा अडवितो. मिथेन पूर्णपणे जळण्यासाठी जे मिश्रण लागते, त्यात आकारमानाचा जवळजवळ दहावा हिस्सा गॅसचाच असतो. तितकी हवा आत कमी येते. गॅसमुळे येणारी घट आणि उंचीची घट एकत्र केली, तर घाटमाथ्यावर इंजिनाची सुमारे पंधरा टक्के ताकद उणी होते.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. उष्ण हवाही विरळच असते. हिवाळ्यातील १५ अंशांच्या पहाटेच्या मानाने ४० अंशांच्या दुपारी हवा आठ टक्क्यांनी विरळ असते. मे महिन्यात मुरबाडच्या सपाटीवरची दुपार इंजिनाची जेवढी हवा कमी करते, तेवढी माळशेजचा चढही करीत नाही. उन्हाळ्यात हे घाट शक्य तो पहाटेच चढावेत, या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यास असा भक्कम आधार आहे.

हवेची तूट कोणताही कारागीर भरून काढू शकत नाही. मात्र असलेल्या हवेला नेमका तेवढाच गॅस मिळावा आणि ठिणगी योग्य क्षणी पडावी, एवढे त्याच्या हाती निश्चित आहे. जुन्या धर्तीच्या किटमध्ये गॅसचे प्रमाण स्क्रू फिरवून ठरविलेले असते. हवा विरळ झाली, तरी हा स्क्रू आपला जागच्या जागी राहतो आणि मिश्रणात गॅस जास्त होतो. नव्या किटमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असतो आणि संगणक हवेचा दाब पाहून गॅस सोडतो. तरीही त्या संगणकास दिलेले आकडे गाडी उभी ठेवून, मोकळ्या इंजिनावरच बसविलेले असतील, तर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेल्या चढावर ते फसतात. तेथे गॅस कमी पडला, तर ज्वलन तापते आणि व्हॉल्व्हची बैठक झिजते.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम गाडी पेट्रोलवर निर्दोष करून घेतो. हवेचा फिल्टर, स्पार्क प्लग आणि कॉइल तो आधी पाहतो, कारण गॅस पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक जोरकस ठिणगी लागते. गॅस सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी लागणारे उपकरण किटसोबत आहे की नाही, हे तो तपासतो. टाकीतील सुमारे २०० बार दाबाचा गॅस रिड्यूसरमध्ये सैल होताना अतिशय थंड होतो, म्हणून त्याला ऊब देणारी इंजिनाच्या गरम पाण्याची नळी तुंबलेली नाही, याचीही तो खात्री करून घेतो. यानंतर लॅपटॉप जोडून, कुटुंबाएवढे वजन गाडीत ठेवून, प्रत्यक्ष चढावर पेट्रोल आणि गॅस यांचे आकडे तो ताडून पाहतो. तराजू न पाहता नुसत्या हाताच्या अंदाजाने माल तोलणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो. नुसत्या कानाने गॅस लावणाऱ्या मिस्त्रीचेही तसेच होते.

कागदपत्रांची बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये वाहनात असा बदल नियमानुसार मंजूर किटनेच करावा लागतो आणि त्याची नोंद आरटीओकडे नोंदणीपुस्तकात व्हावी लागते. विमा कंपनीस कळविणे आवश्यक असते आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. यांत हयगय झाली, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येण्याचा संभव असतो.

एवढी तजवीज झाल्यावर उरते ती चालविणाऱ्याची समज. कसारा किंवा वैशाखरे गाव आले की बटण पेट्रोलवर घ्यावे, चढ लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि ओलांडण्याआधी एसी बंद करावा. उतरताना गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. घाटातील त्या दहा-पंधरा किलोमीटरांत गॅसऐवजी पेट्रोल जाळल्याने जो खर्च वाढतो, तो चहाच्या एका फेरीहून फारसा अधिक नसतो.