पानगळीतला वसंत

वसंत म्हटला की सुशिक्षित माणसाच्या मनापुढे उभी राहते ती काव्यातली वनश्री: कोवळी पालवी, मंद वारा, अशोकाचे गुच्छ आणि भ्रमरांचा गुंजारव. हा वसंत शोधीत जो कोणी माघ महिन्यात उमरीस येईल, त्याच्या पदरी निराशाच पडावयाची. गाडी मुदखेड सोडून धर्माबादेच्या दिशेने निघाली म्हणजे दोन्ही अंगांना दिसते ती भेगाळू लागलेली काळी जमीन, वेचणी उरकलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या आणि बांधावरची उघडीबोडकी झाडे. पंचांगात वसंतपंचमी येऊन गेलेली असते आणि झाडे मात्र अंगावरची पाने उतरविण्यात गढलेली!

तरीही मी म्हणतो की, आमच्या मुलखातला वसंत याच पानगळीतून येतो. पालवी मागाहून, चैत्रात यावयाची; आधी येते ते फूल. काटेसावरच पाहा. एरवी काट्यांमुळे कोणी जवळ न करणारे हे झाड पान न् पान झटकून मोठाल्या, मांसल, लाल फुलांनी भरून जाते. मग साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि खारी यांची जी पंगत बसते, तीत सोवळेओवळे कसे ते नसते. पाठोपाठ पळस पेटतो. पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो खरे. परंतु फाल्गुनात ती तीनदेखील शोधावी लागतात. त्याच्या वाकड्या केशरी पाकळीत राघूची चोच पाहून ‘हा शुक तर नव्हे?’ असे विचारणाऱ्या कोणा रसिकाने त्याला किंशुक हे नाव दिले असावे. हुरड्यापासून शेतकऱ्याच्या गोफणीचा धाक सोसणारे भोरड्यांचे थवेही या मधावर उतरतात. मध्य आशियातील आपल्या घरट्यांच्या मुलखाकडे परत निघण्यापूर्वीचे हे त्यांचे पाथेयच म्हणा ना.

पण बांधापर्यंत जाण्याचीही गरज नाही. परसातल्या शेवग्याला पांढुरका फुलोरा आला की शिंजीर हजर होतो. हिवाळाभर मळकट पिवळ्या वेषात, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ ओढून वावरणारा हा नर वसंताच्या तोंडावर निळ्या-जांभळ्या झळाळीने नटतो. त्याची गृहिणी कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणून लोंबते घरटे विणू लागते आणि दुपारी कुठूनसा तांबटाचा टुक्-टुक् ठोका सुरू होतो. हा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना, १९३१-३२ साली, सालिम अलींनी संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली. आपल्याला तितके कष्ट नकोत. पडवीतली एक खुर्ची आणि अर्धा तास पुरे.

या उघड्या झाडांच्या फुलण्यात नुसती शोभा नाही, चोख हिशेबही आहे. पान म्हणजे पाणी उडविणारी असंख्य सूक्ष्म तोंडे. ती गळाली की जमिनीतली उरलीसुरली ओल राखली जाते. फूल पाखरांच्या नजरेत दुरून भरते. आणि शेंगा-बोंडे वेळेवर धरून मृगाच्या सरींपूर्वी बी वाऱ्यावर निघते. ज्याला आपण दैन्य समजतो, ती झाडाची पेरणीपूर्व तयारी असते.

दुःख एवढेच की, या झाडांचा कैवारी कोणी नाही. आंब्याला मालक असतो, वडाला पूजा असते. पळसाच्या पत्रावळींची जागा कागदी ताटांनी घेतली, धुळवडीचा रंग पुडीतून येऊ लागला. तेव्हा बांधावर त्याचे कामच काय, असे म्हणून कुऱ्हाड चालते. नांगर दोन हात पुढे सरकतो आणि पाखरांची पंगत उठते. उन्हाळ्याच्या तोंडाशी, शेते रिकामी होत असताना, त्यांनी दुसरीकडे कुठे जेवावे?

यावर सभा भरवावी असे माझे म्हणणे नाही. पाडव्याला मुलांच्या हातावर कडुलिंबाचा मोहर ठेवतो, तसे त्याआधी एका सायंकाळी त्यांना बांधापर्यंत न्यावे. ही सावर, हा पळस, एवढी ओळख करून द्यावी. ज्या झाडाला घरातले मूल नावाने ओळखते, त्यावर घाव घालताना मोठ्यांचा हात क्षणभर तरी अडखळतो.