मुठीवर येण्याआधी

ज्याला शिकारी पक्षी मुठीवर बसवायची आस लागली आहे, त्यानं आधी तराजू घ्यावा. जाड हातमोजा नंतर. पक्ष्याच्या डोळ्यांवर घालायची टोपी, पायातल्या चामड्याच्या वाद्या, घुंगरू हे सगळं त्याच्याही नंतर. शिक्रा म्हणजे जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमचा जीव. त्याचं पोट भरलेलं असेल तर हाका मारून घसा बसला तरी तो फांदीवरून हलत नाही, आणि वजन फार उतरवलं तर बघता बघता हातचा जातो. या दोन टोकांमधलं अंतर थोड्याच ग्रॅमचं. म्हणून जगभरचे बाजदार, म्हणजे असे पक्षी शिकवणारे, ठरल्या वेळी पक्षी तोलतात, आकडा वहीत टिपतात. थंडी पडली की तोच आकडा निकामी होतो, कारण अंग ऊबदार ठेवायला जास्त अन्न लागतं.

या विद्येत माया असते ती माणसाच्या बाजूनं. कुत्रा मुळात कळपातला, धन्याचा चेहरा वाचणारा. ससाणा एकट्यानं शिकार करून जगणारा. त्याला रागावून उपयोग नाही. शिक्षा केली तर त्याला एवढंच कळतं, की हा माणूस धोक्याचा आहे, आणि हे तो विसरत नाही. तो मुठीवर येतो कारण तिथं मांस आहे आणि भय नाही. दोरी सोडून त्याला उडवलं की परत यायचं की नाही हे त्याचं तो ठरवतो. हरवायची तयारी ठेवून रोज त्याला मोकळं सोडायचं, हे मला या कलेतलं सगळ्यात थोर वाटतं.

पण सोडण्याआधी त्याला वाचता आलं पाहिजे. आमच्या घरामागच्या निलगिरीवर हिवाळ्यात एक शिक्रा येतो. छातीवर उभे तपकिरी ओघळ, डोळे पिवळे, म्हणजे वर्षाच्या आतला. पहिली पिसं झडली की त्याच छातीवर आडव्या, तांबूस, बारीक रेघा येतील, आणि नर असेल तर डोळे लालभडक होत जातील. सरडा पकडला की तो पंख पसरून त्यावर झाकण घालतो, इकडेतिकडे बघतो, मगच फाडायला लागतो. खाऊन झालं की चोच फांदीवर घासतो, दोन्ही बाजूंनी, सावकाश. मग अंगावरची सगळी पिसं फुलवून एकदा झाडतो. हे झाडणं दिसलं की पक्षी निवांत आहे असं समजावं. पिसं आवळून उंच झालेला, ताठ मानेनं एकटक बघणारा पक्षी घाबरलेला असतो. पचली नाहीत ती पिसं, केस यांची गोळी तो नंतर चोचीतून बाहेर टाकतो. ती टाकल्याशिवाय बाजदार त्याला पुढचं खाणं देत नाही. विष्ठेतला पांढरा भाग स्वच्छ असला तर ठीक, हिरवट झाला तर काळजी. इतक्या बारकाईनं बघण्याला कुणी किळस म्हणेल, मी त्याला आस्था म्हणते.

मला सर्वात हलवून गेली ती पिसांवरची रेघ. पीस वाढत असताना पिल्लाची उपासमार झाली, तर तेवढ्या काळात पिसाची वाढ नीट होत नाही आणि तिथं आडवी, फिकट, कमकुवत रेघ राहते. शेपटीची सगळी पिसं एकाच वेळी वाढतात, म्हणून पिल्लाच्या शेपटीत ती रेघ आरपार एका ओळीत दिसते. घरट्यातला एखादा पावसाचा दिवस, शिकारीवरून रिकाम्या परतलेल्या आईबापांचा दिवस, असा अंगावर उमटून राहतो. महिन्यांनी पीस मोडतं तेही बहुधा तिथंच. मोडलेलं पीस पुढच्या झडीपर्यंत बदलत नाही. म्हणून बाजदारांनी शेकडो वर्षांपूर्वी उपाय काढला: मागच्या झडीत जपून ठेवलेलं पीस मापानं कापायचं, दोन्ही पोकळ दांड्यांत बांबूची तासलेली काडी बसवायची, आणि जोडायचं. जखमी पक्ष्यांवर उपचार करणारे आजही हेच करतात.

बहिरी ससाण्याबद्दल सगळे वेगाचंच बोलतात. सूर मारताना तो ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढं जातो हे खरंच. त्याचाच भाऊबंद शाहीन आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर राहतो. तो घरटं बांधत नाही, कपारीतल्या मातीत खळगा करून अंडी घालतो. मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी. शिक्रा नख्यांच्या पकडीनं मारतो, तर ससाणा चोचीच्या कडेला असलेल्या दातासारख्या टोकानं मानेचा मणका तोडतो. त्याचे डोळे खोबणीत जवळजवळ फिरतच नाहीत, म्हणून अंतर जोखायला तो डोकं वरखाली करतो.

एवढा बळकट पक्षी विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी या कीटकनाशकामुळं उताराला लागला. अंड्यांची कवचं पातळ झाली, उबवायला बसलेल्या मादीखालीच फुटू लागली. संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये जुन्या संग्रहांतल्या अंड्यांशी तुलना करून हे दाखवलं. अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाणा नाहीसाच झाला होता. तेव्हा १९७० मध्ये टॉम केड यांनी त्याला वाचवण्यासाठी पेरेग्रिन फंड ही संस्था उभी केली. केड स्वतः बाजदार, आणि पिंजऱ्यात ससाण्यांची वीण कशी करायची, पिल्लं रानात कशी सोडायची, याचं पुष्कळसं ज्ञान बाजदारांकडूनच आलं. १९९९ मध्ये तिथल्या संकटग्रस्त यादीतून त्याचं नाव निघालं.

अमेरिकेत बाजदार होऊ पाहणाऱ्या नवशिक्याला जाणत्याच्या हाताखाली किमान दोन वर्षं काढावी लागतात, परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे पक्षी पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. तो असावाच, असं माझं ठाम मत आहे. कड्यावरून किंवा झाडावरून पिल्लू उतरवणारा माणूस बाजदार नव्हे, चोर आहे.

पण विद्या वाया जात नाही. टोपीचंच बघा. युरोपात बाजविद्येवर मोठा ग्रंथ लिहिणारा तेराव्या शतकातला सम्राट दुसरा फ्रेडरिक, त्यानं टोपी अरबांकडून घेतली. डोळे झाकले की पक्षी शांत होतो, एवढंच तिचं मर्म. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकून पडलेला शिक्रा किंवा घार तुम्हाला कधी सापडली तर हे मर्म वापरा. चोचीपेक्षा त्याच्या पायांपासून जपा, खरं हत्यार तेच आहे. अंगावर डोक्यासकट जाड टॉवेल टाका, पंख मिटून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि झाकण लावा. दूध नको, पोळी नको, तोंडात पाणी ओतणं नको. फोटोसाठी पुन्हा पुन्हा उघडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि माणूस येईपर्यंत ते खोकं अंधारात, गोंगाटापासून लांब राहू द्या.