आकाशांतील धाकटी पाती

मुंबईहून उत्तरेस जाणारी डहाणूची गाडी विरार सोडते आणि उतारूंचा श्वास जरा मोकळा होतो. वैतरणेच्या खाडीवरील पूल ओलांडला कीं दोन्ही बाजूंस खाजणें आणि ताडाचीं झाडें दिसूं लागतात. सफाळें, केळवें रोड हीं लहान स्थानकें मागें टाकीत गाडी पालघरास येते. 2013 सालच्या एप्रिलपर्यंत उपनगरी गाडीची धाव विरारपर्यंतच होती. तेथून पुढच्या माणसास शटलची किंवा लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पहावी लागे. आम्ही गेल्या पौषांत या वाटेनें निघालों, तेव्हां तारापूरचा किल्ला पहावा, चिंचणीच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ काढावी आणि बोईसरास नोकरीनिमित्त राहणाऱ्या भाच्याच्या बिऱ्हाडीं दोन दिवस मुक्काम करावा, एवढाच आमचा बेत होता. परत आलों तें मात्र विमानांच्या धंद्याचा विचार डोक्यांत घेऊन. हें कसें घडलें, तें सांगण्याजोगें आहे.

वाटेंत आम्ही पालघरास उतरलों. 14 ऑगस्ट 1942 रोजीं येथें निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पांच जणांनीं देह ठेवला. त्यांच्या स्मारकापुढें क्षणभर उभें राहून आम्ही पुढें झालों. पालघर आतां जिल्ह्याचें ठिकाण आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजीं ठाणें जिल्ह्यांतून आठ तालुके वेगळे काढून हा जिल्हा झाला आणि 2021 सालीं कोळगांवच्या बाजूस त्याच्या कचेऱ्यांच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या. मध्यंतरीं सात वर्षें गेलीं. वाटणी कागदावर एका दिवसांत होते; विभक्त झालेल्या घराला स्वतःचा उंबरा आणि स्वतःची चूल मिळावयास मात्र काळ जावा लागतो, असें आम्हीं सहज बोलून गेलों. त्या बोलण्याचा प्रत्यय त्याच रात्रीं निराळ्याच गोष्टींत येणार होता, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें.

पालघरापुढें उमरोळी आणि मग बोईसर. पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत आहे; रसायनें, औषधें, कापड, पोलाद यांचे कारखाने तेथें दाटीनें उभे आहेत. त्यापलीकडे समुद्रकांठीं अणुवीज केंद्र आहे. आपल्या देशांतील हें पहिलें. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 सालीं कामास लागल्या आणि 540 मेगावॅटच्या आणखी दोन 2005 व 2006 सालीं आल्या. या दुसऱ्या जोडीसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण या गांवांना उठावें लागलें. वीज दूरवर गेली, पण उंबरे गेले ते या दोन गांवांचे. स्वस्ताईचा जमाखर्च मांडतांना हा दुसरा रकाना आपण विसरतों.

तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांचा. 1739 सालच्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तो घेतला. त्या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई मराठ्यांच्या हातीं आली. आज तट खचला आहे, खाडीवरून सुक्या मासळीचा वास येतो, आणि मावळतीकडे तोंड करून उभें राहिलें तर समोर अरबी समुद्र पसरलेला दिसतो. त्या समुद्रापलीकडे शारजा, दुबई, अबूधाबी. आमच्या गोष्टीचा धागा तिकडेच जातो.

भाच्याच्या शेजारीं एक वयस्कर मल्याळी गृहस्थ राहतात. तीस वर्षें त्यांनीं इथल्या एका कापडाच्या कारखान्यांत काढलीं. मराठी बोलतात ती अस्सल बोईसरची. त्यांचा मुलगा अबूधाबीस वातानुकूलन यंत्रांच्या कामावर आहे. आजी आजारी म्हणून तो चार दिवसांसाठीं आला होता आणि त्याच रात्रीं परत जाणार होता. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां घरांत सामान बांधण्याची गडबड चालली होती.

"भाऊसाहेब," ते गृहस्थ म्हणाले, "माझा थोरला भाऊ चाळीस वर्षांपूर्वीं शारजास गेला. तीन वर्षांतून एकदां येई. वडील गेले तेव्हां आम्हीं तार केली. तो आला तो वर्षश्राद्धाला. विमानाचें भाडें म्हणजे त्याचे कित्येक महिन्यांचे पैसे. आणि आज हा पोरगा आजीच्या उशाशीं चार दिवस बसून चालला आहे. त्याच्या पगारांत एवढें बसतें, हीच मला मोठी गोष्ट वाटते."

हें कसें बसूं लागलें, याची हकीकत आपल्याकडील सर्वांत थोरल्या विमानगृहाची आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले. त्या रोपट्याचें 1946 सालीं एअर-इंडिया असें नामकरण झालें. 1953 सालीं सरकारनें तें आपल्याकडे घेतलें आणि 2022 सालच्या जानेवारींत तें पुन्हां टाटांकडे आलें. या घराचा थाट मोठा होता. महाराजाचें चित्र, आदरातिथ्य, सुग्रास भोजन, सर्व कांहीं होतें. पण 2003 सालीं दोन निराळे पाहुणे आकाशांत आले. बेंगळुरूस कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन निघाली, आणि शारजास एअर अरेबिया. दोघांचेंही सांगणें एकच: उतारूस घरीं पोंचवितों, मेजवानीचें पाहूं नका. समुद्रापलीकडे राबणारा आपला माणूस, ज्याच्या जीवावर थोरल्या घराची आखाती वाट भरून वाहत असे, तो हें ऐकूं लागला.

तेव्हां थोरल्या घरानें धाकटी चूल मांडली. 1971 पासून तिची एक उपकंपनी कागदोपत्रीं होतीच. तिच्याच नांवावर एअर इंडिया एक्स्प्रेस सुरू झाली आणि 29 एप्रिल 2005 रोजीं तिचें पहिलें विमान तिरुवनंतपुरमहून अबूधाबीस गेलें.

स्वस्ताई कोठून येते, हें गृहिणींस सांगण्याची गरज नाहीं. त्या रोज तेंच करितात. सर्व विमानें एकाच जातीचीं ठेवलीं कीं वैमानिकांचें शिक्षण एक, सुटे भाग एक, कारागीर एक. पहिला वर्ग काढून टाकला कीं त्याच जागेंत अधिक आसनें बसतात. या कंपनीच्या बोइंग 737 जातीच्या विमानांत तीं सुमारें 180 होतीं. जमिनीवर उभें असलेलें विमान भाडें कमावीत नाहीं; म्हणून उतरल्यावर तासाभरांत तें पुन्हां उडालें पाहिजे. पंचपक्वान्नांऐवजीं खाऊचा पुडा. ज्यास अधिक सामान न्यावयाचें त्यानें अधिक पैसे द्यावे. यांत जादू कांहींच नाहीं, कसोशी आहे. सुरक्षिततेचे नियम मात्र थोरल्या पातीस जे, तेच धाकट्या पातीसही लागू असतात; त्या ठिकाणीं काटकसरीस परवानगी नाहीं.

आमचा भाचा हिशेबी. तो म्हणाला, "मामा, हें इतकें सोपें असेल तर सगळ्याच मोठ्या कंपन्यांनीं असें केलें असतें, आणि सगळ्याच तरल्या असत्या."

त्याचें म्हणणें खरें होतें. केलें पुष्कळांनीं, तरल्या थोड्या. किंगफिशरनें 2007 सालीं एअर डेक्कन पदरांत घेतली, पुढच्या वर्षीं तिला किंगफिशर रेड असें आपलेंच नांव दिलें; 2011 सालीं स्वस्त सेवा बंद करण्याचें जाहीर झालें आणि 2012 सालीं सर्वच विमानें जमिनीवर आलीं. जेट एअरवेजनें 2007 सालीं सहारा विकत घेऊन जेटलाइट केली, 2009 सालीं जेट कनेक्ट नांवाची आणखी एक सेवा काढली. एप्रिल 2019 मध्यें थोरलें घरच बंद पडलें. परदेशांतही तेंच. ब्रिटिश एअरवेजनें 1998 सालीं 'गो' नांवाची कंपनी काढली आणि 2001 सालीं विकून टाकली. वर्षभरांत ती प्रतिस्पर्ध्याच्याच घरांत नांदावयास गेली. अमेरिकेंत डेल्टाची 'साँग' तीन वर्षेंच चालली. उलट ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनें 2004 सालीं काढलेली जेटस्टार आजही उडते आहे.

कर्ज, इंधनाचे भाव, मालकांच्या चुका हीं कारणें प्रत्येक ठिकाणीं निरनिराळीं आहेतच. पण एक गोष्ट आम्हांस या साऱ्यांत समान दिसते. देवासच्या पवारांच्या घराण्यांत थोरली पाती आणि धाकटी पाती अशीं दोन संस्थानें एकाच नगरांत नांदलीं. पण दोघांचीं दरबारें वेगळीं, खजिने वेगळे. आपल्या वाड्यांतूनही दुसरी चूल निघते, ती टिकावयाची असेल तर तिचें पीठमीठ वेगळें असावें लागतें. थोरल्या घराचे आचारी, थोरल्या घराचा खर्च आणि नांव मात्र धाकट्याचें, असें झालें कीं स्वयंपाक तितकाच महाग पडतो, आणि थोरल्याच्या पंक्तीचे पाहुणे उठून स्वस्तांतल्या पंक्तीस जाऊन बसतात. शेजाऱ्यास धाक दाखविण्यासाठीं मांडलेली चूल अखेर आपल्याच घरचें सरपण जाळते. एक्स्प्रेस तरली, याचें एक कारण असें दिसतें कीं तिला स्वतःची वाट मिळाली. ती मोठ्या शहरांच्या झगमगाटांत न शिरतां केरळांतील गांवांहून आखातांत गेली; 2013 पासून कांहीं वर्षें तिचें मुख्य ठाणेंही कोचीस होतें. तिचा उतारू तिला ठाऊक होता. 1 ऑक्टोबर 2024 रोजीं, पूर्वीं एअरएशिया इंडिया म्हणून ओळखली जाणारी कंपनी तिच्यांत विलीन झाली, आणि धाकटी पाती चांगलीच मोठी झाली.

पण दुसरा रकाना राहिलाच. त्याच वर्षीं मे महिन्यांत या कंपनीच्या विमानांवरील अनेक कर्मचाऱ्यांनीं एकदम आजारपणाची रजा घेतली. विलीनीकरणानंतर आपल्या वेतनाचें आणि दर्जाचें काय, हा त्यांचा प्रश्न होता. कित्येक उड्डाणें रद्द झालीं, कांहींना कामावरून काढल्याच्या चिठ्ठ्या गेल्या, आणि तडजोड होऊन त्या मागें घेतल्या गेल्या. बरोबर कोणाचें, हें ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु घरांत खर्च कमी करावयाचा ठरला कीं पहिला घास कोणाच्या ताटांतून उचलला जातो, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास विचारावें लागत नाहीं. तो बहुधा धाकट्या सुनेच्या ताटांतून उचलला जातो. अक्करपट्टी आणि पोफरण आम्हांस या ठिकाणीं पुन्हां आठवलीं. स्वस्त वीज असो कीं स्वस्त तिकीट, तें चांगलेंच. पण त्याची किंमत एकट्यादुकट्यावर पडूं नये, एवढें पाहणें हें थोरल्याचें थोरलेपण.

रात्रीं नऊच्या सुमारास शेजारच्या घरांत काटा आला. हूक असलेला लहानसा हातकाटा. पिशवी त्याला अडकवावयाची आणि आंकडा पहावयाचा. आईनें केळ्यांचे काप, खोबरेल तेल, कैरीचें लोणचें असें बरेंच कांहीं भरलें होतें. आंकडा दीड किलो जास्त दाखवूं लागला. मुलगा म्हणाला, "अम्मा, जास्तीचे पैसे भरतों, राहूं दे." ती माउली ऐकेना. जास्तीच्या वजनाचे पैसे म्हणजे काय, हें तिला पुरतें ठाऊक होतें. तिनें लोणच्याची बरणी काढली, पुन्हां पिशवी काट्यास लावली. मग कापांचा एक पुडा काढला. आंकडा बरोबर आला. बरणी तिनें आमच्या भाच्याच्या बायकोच्या हातीं दिली आणि म्हणाली, "तुम्ही खा, पोरी. हा पुढच्या वर्षीं येईल तेव्हां नवें घालीन."

'पुढच्या वर्षीं' हे शब्द तिनें किती सहज उच्चारले! तिच्या जावेनें चाळीस वर्षांपूर्वीं तसे ते उच्चारले नसते.

आम्ही सारे स्थानकावर पोंचवावयास गेलों. अंधेरीस उतरून विमानतळ गांठावयाचा होता. वाटेंत भाच्यानें दाखविलें कीं मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचें एक स्थानक बोईसरासही नियोजित आहे, आणि वाढवणच्या बंदराची कोनशिला 2024 सालीं बसली. या मुलखांतून पुढें काय काय धांवेल, कोण सांगेल! आजीस आणलें नव्हतें. ती खिडकींतूनच हात हालवीत राहिली होती. गाडी आली, मुलगा चढला, पिशव्या आंत गेल्या. बाप फलाटावर जरा वेळ उभा राहिला आणि मग आम्हांकडे वळून म्हणाला, "चला भाऊसाहेब, पहांटेपर्यंत पोंचेलसुद्धां."

दुसऱ्या दिवशीं दुपारीं जेवतांना आमच्या पानांत त्या बरणींतलें लोणचें वाढलें होतें. चव उत्तम होती. पण घांस घेतांना आम्हांस राहून राहून वाटलें कीं हें खरें म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या पानांतलें आहे.