डेंगळ्यासाठी कांदे

न्यू जर्सीत घर विकायला काढायचं तर एप्रिलमध्ये, असं आमची एजंट म्हणाली. तेव्हा अंगणात डॅफोडिल आणि ट्युलिप फुललेले असतात, फोटो छान येतात. तिचं म्हणणं खरं ठरलं, घर लगेच गेलं. पण ज्या फुलांनी ते विकून दिलं, तीच मला बरोबर न्यायची होती. इकडे जमिनीत रुजलेलं सगळं घराबरोबर जातं. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर आपणच लावलेले कंद उकरणं म्हणजे दुसऱ्याचा माल उचलणं. सह्या झाल्यावर करार तपासायला वकिलांना कामाचे 3 दिवस मिळतात, त्यात आमच्या वकिलाने एक ओळ घालून घेतली. घेणाऱ्यांची हरकत नव्हती, त्यांना तिथे नुसती हिरवळच हवी होती.

ताबा जूनअखेर द्यायचा होता, हे नशीब. "फुलं तर संपली, आता टाक ना उपटून," असं नवरा मेपासूनच म्हणत होता. मी निफाडकडची. हिरव्या पातीचा कांदा काढून चाळीत भरणारं आमच्याकडे कोणी नाही. फूल गळल्यावर महिना-दीड महिना पात जे कमावते, त्यावरच कंद भरतो. ती पिवळी पडून लोळेपर्यंत मी वाफ्याला हात लावू दिला नाही. शेजाऱ्यांना तो गबाळा दिसत असणार, दिसो.

काढताना फोर्क जरा लांबून घातला, नाहीतर दाते कंदातच शिरतात. ट्युलिप लावले त्याहून खोल गेलेले निघाले; ती त्यांची सवयच आहे. क्रोकस खारींनी आधीच कुठे कुठे नेऊन पुरले होते, त्यांचा नाद सोडला. हायसिंथला मात्र हातमोजे हवेत. त्याच्या सालीने बोटांना अशी खाज सुटते, की दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

पुढचं सगळं माहेरच्या अण्णांच्या शिस्तीने. धुवायचं नाही, माती सुकवून झटकायची. सावलीत एकेरी पसरायचं. दुखावलेला, मऊ पडलेला बाजूला काढायचा, कारण एक सडका अख्खी रास नासवतो. नवं घर ऑक्टोबरात मिळणार होतं, मधले महिने भाड्याच्या जागेत. गॅरेज उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं, म्हणून तळघर धरलं. तिथे दमट असतं, तेव्हा हवा कोरडी करणारं यंत्र लावलं आणि कंद बाजारातल्या कांद्याच्याच जाळीदार पिशव्यांत भरून टांगले. चाळीला खालून वारा का ठेवतात, हे ज्याला ठाऊक आहे तो कंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणार नाही.

फोनवर हे सगळं ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे डेंगळ्यासाठी एवढा उपद्व्याप?" त्यांचंही बरोबरच. आमच्याकडे कांद्याला फुलाचा दांडा आला की शेतकरी कपाळाला हात लावतो, तो माल टिकत नाही. थंडी जास्त लागली की डेंगळे वाढतात, म्हणून थंडीची धास्ती. इथे तीच थंडी मुद्दाम द्यायची. ट्युलिपचं पुढच्या वर्षीचं फूल उन्हाळ्यात, कोरड्यात टांगलेल्या कंदाच्या आतच धरतं. पण दांडा नीट वर यायला तीन-चार महिने गारठा लागतो. आणि जवळ सफरचंदं ठेवायची नाहीत. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने आतली कळी आतच जळते.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. "अगं, खाली एवढे कांदे आणि तू विकत काय आणतेस?" असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. डॅफोडिलचा कंद विषारी असतो आणि दिसायला हुबेहूब कांदा. त्याच दिवशी प्रत्येक पिशवीवर मराठीत ठसठशीत 'विष' लिहून लावलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जमीन गोठायच्या आधी, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोलीवर, टोक वर करून लावले. नव्या घरामागे झाडी आहे, हरणं परसात येतात. ट्युलिप त्यांना मेथीच्या भाजीसारखे लागतात, डॅफोडिलला तोंड लावत नाहीत. म्हणून ट्युलिप कुंपणाच्या आत, डॅफोडिल बाहेर.

डॅफोडिल बहुतेक सगळे फुलले. ट्युलिपमध्ये मोठे तेवढे फुलले, बाकीच्यांनी एकेक रुंद पान दाखवलं आणि थांबले. त्यात साठवणीचा दोष नाही. ट्युलिपचा मूळ कंद दर वर्षी संपतो, मागे पिल्लं राहतात, आणि ती भरल्याशिवाय फुलत नाहीत. खरं सांगायचं तर घर बदलताना एवढी मेहनत डॅफोडिलसाठी करावी, ट्युलिप शरद ऋतूत दुकानातून नवे आणावेत. यंदा मी तेच करणार आहे. एकपानी पिल्लं मात्र काढलेली नाहीत. कुंपणाच्या आत जागा आहे, राहू देत.