चार बिटांत किती मावतं

‘‘२५६ बिटांचे ४ बिट केलेत, म्हणजे २५२ बिट फेकून दिलेत. याला संशोधन म्हणायचं का?’’

एम.ई.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला हे विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं. गुण बरे मिळाले. तरी ते अजून टोचतं, कारण उत्तर तयार होतं आणि ऐकणारा नव्हता.

मी पेडण्याची, लग्नानंतर डिचोलीला आले. माझा विषय बहु-अँटेना यंत्रणेत मोबाइलकडून टॉवरला जाणारा फीडबॅक कमी करण्याचा. टॉवरवर चार अँटेना असल्या, तर चौघींच्या लहरी मोबाइलपाशी एकमेकींना बळ देतील अशा सोडता येतात. त्यासाठी वाटेत कुठल्या लहरीचं काय होतं ते, म्हणजे ‘चॅनल’, टॉवरला कळावं लागतं. जिथे जाण्या-येण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, तिथे ते मोबाइलनेच मोजून कळवायचं. दर अँटेनाचे दोन आकडे, प्रत्येकी ३२ बिटांचे. चार अँटेनांचे झाले २५६. आता म्हापशाहून अस्नोडा-मुळगावमार्गे डिचोलीला येणारी बस ताशी ६० किलोमीटर वेगाने धावतेय असं धरा. १८०० मेगाहर्ट्झवर ही माहिती साधारण ४ मिलिसेकंदांत शिळी होते. तेवढ्यात बस जेमतेम ७ सेंटिमीटर सरकलेली असते. सारखे २५६ बिट कळवत राहिलं, तर मोबाइलने बाकीचं काय आणि कधी पाठवायचं?

आता त्या ‘फेकलेल्या’ बिटांविषयी. चारही अँटेनांचे आकडे एकाच कोनातून फिरवले, तर टॉवरच्या कामात काडीचा फरक पडत नाही. सिग्नल किती चांगला हे ४जीच्या एलटीई पद्धतीत वेगळ्या ४ बिटांत जातंच. उरते ती दिशा. त्या दिशांची एक यादी आधीच ठरवून टॉवर आणि मोबाइल दोघांकडे ठेवतात, तिला कोडबुक म्हणतात. एलटीईच्या पहिल्या आवृत्तीतल्या चार अँटेनांच्या कोडबुकात १६ नोंदी आहेत. मोबाइलने फक्त जवळच्या नोंदीचा क्रमांक कळवायचा. भजनीमंडळात सगळ्यांच्या हाती एकच पुस्तक असलं, की बुवांनी पूर्ण अभंग सांगावा लागत नाही, नंबर पुरतो, तसंच हे. १६ मध्ये निवड करायला ४ बिट लागतात. लहरी सगळ्या दिशांनी सारख्या येतात असं मानलं आणि कोडबुक अगदी आंधळेपणाने निवडलं, तरी आदर्श लाभाच्या सरासरी ६० टक्क्यांहून अधिक पदरात पडतो. नोंदी एकमेकींपासून शक्य तितक्या लांब ठेवल्या, तर आणखी. डेव्हिड लव्ह, रॉबर्ट हीथ आणि थॉमस स्ट्रोमर यांनी २००३ मध्ये हेच गणिताने मांडलं. चार बिटांत इतकं मावतं हे पहिल्यांदा स्वतः गणित करून पाहिलं, तेव्हा मी थक्क झाले होते.

अनेक अँटेनांमधून एकाच वेळी वेगवेगळी माहिती पाठवण्याचं सुरुवातीचं पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांचं, १९९४ मधलं. कैलाथ पुण्यात जन्मले, तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. हे आमच्या पोरांना कुणी सांगत नाही.

पण मोबाइलने कमी बोललं की भागतं, असंही मी आता सरसकट म्हणणार नाही. टॉवर एकाच वेळी अनेकांना वेगवेगळी माहिती देऊ लागला, की एकाच्या दिशेतली चूक दुसऱ्याच्या कानात गोंगाट होते. निहार जिंदल यांनी २००६ मध्ये दाखवलं की अशा वेळी सिग्नल सुधारत जाईल तसे फीडबॅकचे बिटही वाढवावे लागतात. चार अँटेनांना दर डेसिबलमागे प्रत्येक मोबाइलचा एकेक बिट. म्हणजे २० डेसिबलला २० बिट. तिथे ४ वर अडून बसणं हट्टीपणा ठरेल. आणि पेडण्याच्या ज्या कोपऱ्यात रेंजच येत नाही, तिथे ४ काय आणि २५६ काय! तिथे आधी टॉवर हवा, मग आमची गणितं.

तरीही हा विषय गोव्यातच करावा असं मला वाटतं. गणितात लहरी सगळीकडून सारख्या येतात असं धरतात. मोपाच्या सड्यावर, मयेच्या सखल भागात तसं नसतं. उंचावरच्या टॉवरला खालची घरं अरुंद कोनात दिसतात, दिशा मोजक्याच उरतात, आणि आणखी कमी बिटांत काम होऊ शकतं. फीडबॅक न्यूरल नेटवर्कने आवळायचं ‘सीएसआयनेट’ हे २०१८ मधलं गाजलेलं काम संगणकाने बनवलेल्या चॅनलवर शिकवलेलं आहे. आमच्या दऱ्याखोऱ्यांची मापं त्यात नाहीत.

म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींना सांगते : प्रकल्पासाठी परदेशी मॉडेल डाउनलोड करून थांबू नका. आपल्या गावातला चॅनल मोजा, आकडे जपा, एकमेकांना द्या. आणि शिक्षकांनो, परीक्षकांनो, विद्यार्थ्याला प्रश्न विचारलात, तर त्याचं उत्तर संपेपर्यंत थांबा.